उजव्या टाचेचा खिळा

मित्रांनो, मी फुटबॉलचा एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. माझ्या शेजारी मुकाट पडलेला दिसतो तो माझा उजवा भाऊ. म्हातारपणी म्हणे सगळ्यांना माफ करून मोकळं व्हावंसं वाटतं. मला अजून तसं वाटलेलं नाही. का, ते ऐका.

माझा जन्म जालन्याचा. स्टेशनच्या रस्त्याला कचरूमामांची चपला-जोडे शिवायची टपरी होती, तिथे आम्ही दोघे तयार झालो. मामांनी तोवर फुटबॉलचा बूट कधी शिवला नव्हता. देवानंदने कुठूनतरी एक फाटका बूट आणून त्यांच्यापुढे टाकला. मामांनी त्याचा टाका न् टाका उसवून पाहिला आणि तसाच जोड बेतला. आरीचे टोचे, रापीचे वार सोसताना मी फार कुरकुरलो, हे खरं आहे. पण देवानंदचा पाय पहिल्यांदा आत आला तेव्हा सगळं विसरलो. अंगठ्याजवळ जरा घट्ट होतं, तेही चार दिवसांत सैल झालं.

आमच्या तळाला मातीत पकड घेणारे चामड्याचे स्टड होते आणि ते खिळ्यांनी ठोकलेले होते. त्या काळी तसेच असायचे. म्हणून मॅच सुरू होण्याआधी रेफ्री प्रत्येक खेळाडूचा पाय उचलून बुटाच्या तळावरून हात फिरवायचा. खिळा वर आलेला सापडला की तो खेळाडू बाहेर. कुणाची नडगी फाटू नये म्हणून केलेला नियम, चांगलाच आहे. माझं भांडण नियमाशी नाही, माणसाशी आहे.

देवानंद तीर्थपुरीचा. वडील भिवा वारल्यावर आई केशरबाई त्याला घेऊन जालन्यात आली आणि मिळेल त्या कामावर जाऊ लागली. हा मधल्या फळीत खेळायचा. गोल मारणारा लोकांच्या लक्षात राहतो, गोल अडवणाराही राहतो. मधला खेळाडू मागून आलेला बॉल पुढच्याच्या पायात नेऊन देतो आणि पुन्हा पळत मागे येतो. त्याचं नाव कुणी घेत नाही. देवानंदला त्याचं वाईट वाटत नसे. बॉल बरोबर जागी पोचला की तो माझ्या आत बोटं हलवायचा. ती शाबासकी मला पुरायची.

धर्मराजही तीर्थपुरीचाच. घरची मोठी शेती, दारात जीप. त्याच जीपमधून आमच्या क्लबची पोरं मॅचला जायची, म्हणून क्लबचा कॅप्टन तोच. तोही मधल्या फळीत खेळायचा. एका संघात त्या जागेवर दोघे मावत नाहीत, एवढीच गोष्ट. पण ती त्याच्या मनात सलत होती.

साल एकोणीसशे सत्तर. मुंबईच्या एका गिरणीचे साहेब खेळाडू निवडायला दसऱ्याच्या सकाळी जालन्यात येणार होते. निवड झाली की गिरणीत पर्मनंट नोकरी आणि संघात जागा. आमच्या क्लबात खंडेनवमीला बुटांची पूजा व्हायची. लोक हत्यारं, अवजारं पुजतात ना, तसे आम्ही रांगेत मांडले जायचो. कॅप्टनने प्रत्येक बुटाला स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावायचं, सगळ्यांसमोर डोकं टेकायचं, आणि मग दसऱ्यापर्यंत बुटांना कुणी हात लावायचा नाही.

केशरबाईला ते पसंत नव्हतं.

"आपण धम्म घेतलाय देवा," ती म्हणाली. "आपल्यात न्हाई चालत हे. हळदकुंकू लावल्यानं बूट का जल्दी पळतेत?"

"माय, मी कुठं पूजा करून राह्यलो? सगळ्यांचे बूट तिथं हायेत. माझेच न्हाई ठिवले तर म्हणतील, ह्याचं समदं वायलंच."

वेगळं दिसू नये म्हणून त्याने आम्हाला तिथे ठेवलं. मित्रांनो, तो त्या क्लबात निराळा होताच, हे त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

धर्मराज ताट घेऊन रांगेतून आला. प्रत्येक बुटाला त्याने बोट लावलं. आम्ही शेवटी होतो. आमच्यावर त्याने वरूनच चिमूट सोडली. मी म्हटलं, असू दे, घाई असेल. सगळे जेवायला गेले आणि थोड्या वेळाने तो एकटाच परत आला. खिशात पक्कड होती. त्याने मला उलटं केलं, टाचेच्या स्टडमधला एक खिळा धरून वर ओढला. मग उजव्याला उलटं केलं आणि त्याचाही ओढला. वर झेंडूची फुलं नीट लावून ठेवली. पूजेला शिवायचं नाही, पक्कड लावायला मात्र हात पुढे! त्या बोटांचा घाम मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी निवडीच्या मॅचआधी रेफ्रीने माझ्यावरून हात फिरवला आणि हात झटकला. त्याच्या बोटातून रक्त आलं होतं. "हा बाहेर," तो म्हणाला. उजवा बूट पाहायचीही त्याला गरज वाटली नाही. देवानंद काहीतरी सांगायला गेला तर गिरणीच्या साहेबांनी मान फिरवली. साहेबांनी धर्मराजला उचललं. पठ्ठ्या मुंबईला गेला आणि तिथलं जेवण सोसत नाही म्हणून दिवाळीनंतर परत आला. त्याला ती नोकरी नकोच होती. देवानंदला मिळू नये, एवढंच हवं होतं.

देवानंद आम्हाला हातात घेऊन अनवाणी कचरूमामांकडे गेला. मामांनी दोन्ही खिळे काढले. उजव्यातही निघाला तेव्हा देवानंदचा चेहरा उतरला.

"हे झिजून वर न्हाई आले, बाबा," मामा म्हणाले. "पक्कडीचे दात हायेत ह्याच्यावर. कुणी तरी उपटलेत."

देवानंदने ते दोन खिळे काड्यापेटीत घातले. उजव्या बुटातल्या खिळ्याचं त्याने फक्त आईला सांगितलं. तिने त्याला बजावलं, "कुणालाच बोलू नकोस. ज्यानं केलं त्याच्याच तोंडातून निघंल."

त्यानंतरची वर्षं म्हणजे गाडीचा डबा, पिशवी आणि परक्या गावचं मैदान. हैदराबाद, नागपूर, सोलापूर, पुन्हा हैदराबाद. एक हंगाम इथे, एक तिथे. कुणाचा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला गडी, आजारी पडला की देवानंदला बोलावणं यायचं, तो बरा झाला की निरोपाचा चहा. गावोगावच्या मोच्यांनी माझे तळ बदलले, स्टड बदलले. वरचं कातडं कचरूमामांचंच राहिलं आणि मनातला राग जालन्याचाच राहिला. आमच्या पुढे नेहमी एक नाव चालायचं, 'खिळेवाला'. कुठलाही रेफ्री देवानंदचाच पाय आधी उचलायचा. प्रेक्षक ओरडायचे, "नडग्या सांभाळा रे!" आणि तो मान खाली घालून बॉल पुढच्याच्या पायात नेऊन द्यायचा.

बहात्तरच्या दुष्काळात केशरबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. त्याच वर्षी सोलापूरच्या एका संघाने देवानंदला कायम ठेवायचं ठरवलं. त्याने आईला निरोपही पाठवला, की आता हातोडा ठेव. तेवढ्यात जालन्याचा क्लब तिथे मॅचला आला. मॅचनंतर चहा पिताना धर्मराज तिथल्या मॅनेजरला हसत हसत म्हणाला, "ह्याला ठिवून राह्यले? आमच्याकडं खिळेवाला म्हणतेत त्याला." आठवड्यात देवानंदची पिशवी पुन्हा भरली गेली. मी कोपऱ्यात पडून ऐकत होतो. मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी बोललो असतो. त्या माणसाची नडगी एकदा माझ्यासमोर येऊ दे, एवढं मागणं तेव्हापासून मी मनाशी घोकत आलो.

सत्त्याहत्तर साली देवानंदचा गुडघा बोलायला लागला होता. हा शेवटचा हंगाम, हे त्यालाही कळलं होतं आणि मलाही. नांदेडकडच्या एका संघाने त्याला घेतलं आणि तो संघ दसऱ्याच्या सामन्यांसाठी जालन्यात आला. अष्टमीला फायनल. समोर धर्मराजचा क्लब, आणि धर्मराज अजून कॅप्टन.

रेफ्री बाहेरगावचा होता. त्याने माझ्यावरून हात फिरवला, काही लागलं नाही, तो पुढे जाऊ लागला. तेव्हा धर्मराज पलीकडच्या रांगेतून मोठ्याने ओरडला, "साहेब, त्या देवानंद्याचे दोन्ही बूट बराबर पाहा! डाव्यात सापडला की समदे गप बसतेत. उजव्याच्या टाचेत बी खिळा असतो त्याच्या!"

लोक हसले. रेफ्रीने उजवा बूट पाहिला, तोही साफ होता. पण देवानंद हसला नाही, चिडलाही नाही. माझ्या आत त्याची पाचही बोटं आवळली गेली आणि तशीच राहिली. इतक्या वर्षांनी त्याला समजलं होतं.

मग त्याने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बॉल धर्मराजकडे गेला की हा तिथे हजर. हळूच काढून घ्यायचा. पुढच्या वेळी त्याच्या दोन पायांमधून काढला. मैदान हसलं. मग पुन्हा त्याच दोन पायांमधून. जालन्याचीच माणसं जालन्याच्या कॅप्टनला हसायला लागली. धर्मराज चवताळून अंगावर आला आणि स्वतःच आडवा झाला. त्याची उघडी नडगी अगदी माझ्यासमोर होती. देवानंदचा पाय वर उचललेला. मी म्हटलं, हाण! एकदाच हाण! देवानंदने मला त्या नडगीच्या शेजारी मातीत टेकवलं आणि बॉल पुढे दिला. त्या पासवर गोल झाला, आम्ही जिंकलो. पण मी त्या संध्याकाळी देवानंदवर रुसून बसलो होतो. मला वाटलं, हा माणूस मऊ पडला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जिंकलेल्या संघाच्या बुटांचा मान पहिला, अशी क्लबची रीत. देवानंदने आम्हाला स्वतः नेऊन रांगेत पहिल्या जागी ठेवलं. धर्मराज ताट घेऊन आला आणि त्याने वरून चिमूट उचलली.

"वरून नको," देवानंद म्हणाला. "हात लाव."

"लावून राह्यलो ना. काय झालं तुला?"

देवानंदने काड्यापेटी उघडली आणि दोन खिळे ताटातल्या हळदीत ठेवले. "हा डाव्याचा. ह्याच्यावर रेफ्रीचं बोट फाटलं, ते समद्यांनी पाह्यलं. हा उजव्याचा. हा कचरूमामानं टपरीत काढला. मला, मायला आन् मामाला, तिघांलाच ठावं व्हतं. तुला कसं कळलं?"

"कुणी तरी सांगितलं असंल."

"कुणी? नाव घे."

धर्मराजने इकडे तिकडे पाहिलं. कचरूमामा दारातच उभे होते, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. क्लबची सगळी पोरं धर्मराजच्या तोंडाकडे बघत होती. त्याने ताट खाली ठेवलं.

"उपटला मी," तो शेवटी म्हणाला. "पोरपण व्हतं. सात वर्सं झाली त्याला."

"तुझी झाली. माझी गेली."

"मंग आता काय पाह्यजे तुला? पाय धरू?"

"माझे न्हाई. ह्यांचे धर. माझ्या घरात ही पूजा चालत न्हाई, तुझ्या घरात चालती. म्हणून तुला सांगून राह्यलो. जिथं पक्कड लावल्ती तिथं बोट लाव आन् डोकं टेक. दरसाली. बूट इथंच ठिवून चाललो."

धर्मराजने मला उलटं केलं. टाचेला बोट लावलं. मग वाकला आणि त्याचं कपाळ माझ्या तळाला लागलं. गरम होतं. मित्रांनो, मला जे वाटलं ते लपवणार नाही. नडगी फाडण्यापेक्षा हे हजार पटींनी गोड होतं.

तेव्हापासून आम्ही इथे क्लबच्या फळीवर आहोत. आता जालन्यात खिळेवाला म्हटलं की लोक धर्मराजकडे बघतात. त्याने एकदा पोरांना सांगून आम्हाला हलवायचा प्रयत्न केला, पोरांनी ऐकलं नाही. दर खंडेनवमीला तो येतो, टेकतो, घाईने निघून जातो. मी वर्षभर त्या दुपारची वाट पाहतो.

देवानंद मात्र पुन्हा आला नाही. तो बियाण्यांच्या गोदामात कामाला लागलाय. संध्याकाळी लंगडत समोरच्या रस्त्याने जातो, आत बघत नाही. त्याने त्याचा सूड घेतला आणि तो मोकळा झाला. मला सूड मिळाला आणि माझा पाय गेला. बुटाला पाय नसला की तो आतून वाळत जातो. अंगठ्याजवळ मला चीर पडली आहे. हळदकुंकवाने कातडं मऊ होत नाही, मित्रांनो, त्याला तेल लागतं.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणाचा पाय सातच्या मापाचा असेल तर आम्हाला या फळीवरून खाली काढा. थोडं एरंडेल चोळा, टाके घाला, आणि मैदानात न्या. मी अजून बॉल बरोबर जागी पोचवीन. फक्त खंडेनवमीला दुपारच्या आत परत आणून ठेवा. धर्मराज यायची वेळ असते.