कोळंबीची कात

विनोदिनीबाई दुपारी टाकीपाशी गेल्या, तर तळाशी कोळंबी निपचित पडलेली. पाठीवरचा पांढरा पट्टा, लांब मिशा, सगळं जागच्या जागी. हालचाल मात्र नाही. मागे खुर्चीत बसलेल्या त्यांच्या यजमानांचे, शरच्चंद्रांचे डोळे भरून आले होते.

शरच्चंद्र महाडच्या कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. बाबांचं मन रमावं म्हणून मुलाने, अनिशने, मुंबईहून येऊन खाऱ्या पाण्याची टाकी बसवून दिली. तिच्यात दोन नारिंगी मासे सोडले आणि एक लाल कोळंबी. ती माशांच्या अंगावरचे बारीक किडे वेचून खायची, आणि मासेही तिच्यापुढे मुकाट उभे राहायचे. शरच्चंद्र तासन्‌तास ते बघत बसत. मागच्या रविवारी अनिशने आणखी एक मासा आणला, बोटाएवढा लालभडक हॉकफिश.

बाईंनी राजश्रीला फोन केला. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. तिच्या घरीही अशीच टाकी होती, म्हणून दर आठवड्याला येऊन ती इथल्या पाण्याचा खारटपणा तपासून जायची. पहिली पाळी सुटल्यावर ती कंपनीच्या कपड्यांतच आली. तिने चिमट्याने कोळंबी वर काढली आणि उजेडात धरली. आरपार दिसत होतं.

"मेली नाय बाई ती. कात टाकलीय. ही नुसती साल हाय."

"मग ती कुठे आहे?"

"खडकात लपली असेल. नवी साल कडक व्हायला एक-दोन दिवस लागतात. तोवर अंग मऊ असतं." बोलता बोलता तिची नजर खडकावर दबा धरून बसलेल्या लाल माशाकडे गेली. "हा कधी आणला?"

"अनिशने. दुकानदार म्हणाला, कोणाला त्रास देत नाही."

"माशांना नाही देत. कोळंबी मात्र खातो. आज ना उद्या तो तिला शोधणार. त्याला बाहेर काढायला हवं."

जाळीने पकडायचं तर सगळे खडक हलवावे लागले असते, आणि कोळंबी उघड्यावर आली असती. राजश्रीने प्लास्टिकची बाटली कापली, तिचं तोंड उलटं आत बसवलं, आमिष म्हणून माशाचा तुकडा टाकला आणि दोरी बांधून बाटली तळाशी सोडली.

"तो आत शिरला की लगेच ओढायचं, नाहीतर परत निघून जाईल. कोणीतरी नजर ठेवायला हवी."

विनोदिनीबाई पुढे झाल्या. राजश्रीने मात्र दोरी शरच्चंद्रांच्या डाव्या हातात दिली.

"काका, तुमच्याइतकं टाकीकडे कोण बघतं? तुम्हीच धरा."

आजारपणापासून त्यांच्यावर कोणी काही सोपवलं नव्हतं. त्यांनी दोरी बोटाला गुंडाळली. त्या दिवशी मासा फिरकलाच नाही. दुसऱ्या दिवशी जेवणही त्यांनी खुणेने टाकीसमोरच मागवलं. बाईंनी घास भरवले, पण त्यांची नजर हलली नाही. चारच्या सुमाराला बाई चहा टाकत होत्या, तेव्हा टाकीकडून पाणी सांडल्याचा आवाज आला. त्या धावल्या. दोरी ताणलेली, बाटली पाण्याच्या वर, आणि आत लाल मासा धडपडत होता. शरच्चंद्रांनी दोरी सोडली नव्हती.

"प... पकडला," ते म्हणाले.

बाईंनी बाटली बादलीत उतरवली, आणि मगच त्या रडल्या.

संध्याकाळी राजश्री मासा घेऊन गेली. तिच्या टाकीत कोळंबी नव्हती. दोन दिवसांनी सकाळी कोळंबी खडकातून बाहेर आली, आधीपेक्षा जरा मोठी, आणि एक नारिंगी मासा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

विनोदिनीबाईंनी राजश्रीला फोन लावला. "तुझे आभार कसे मानू, कळत नाही गं."

"एवढ्याशा कोळंबीसाठी काय आभार, बाई?"

"कोळंबीसाठी नाही. थांब, यांना बोलायचंय," म्हणून त्यांनी फोन शरच्चंद्रांच्या कानाला लावला.