नवरीचा मामा

तुळसाबाईच्या तोंडाला लागायचं धाडस कामरगावात फारसं कुणी करत नसे. बाजारात तिच्या वांग्यांना कुणी "कालची दिसून राह्यली" म्हटलं, की ती तिथल्या तिथे वांगं मोडून त्याच्या नाकासमोर धरायची आणि मग त्याला ते विकायचीही नाही. गावाबाहेर विहिरीवर भाजीचा मळा होता, नवरा चंपत गरीब गाय होता आणि मुलगी रुख्मिणी लग्नाची झाली होती. संसार तुळसाबाई एकहाती ओढत होती, आणि याची आठवण चंपतला दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर करून देत होती.

अशा बाईला त्या माघात पोटातल्या पिशवीच्या दुखण्यानं आडवं केलं. रक्त थांबेना. जीपमध्ये घालून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करतो, पण आधी रक्त द्यायला माणूस आणा. हा शब्द ऐकला आणि जीपभर आलेले नातेवाईक असे पांगले की विचारू नका. चंपतनं हात पुढं केला, पण त्याचं रक्त जुळलं नाही. राहिला गुलाबराव. तुळसाबाईला सख्खा भाऊ नव्हता. गुलाबराव चुलतभाऊ, त्यात गावचा सरपंच. तो म्हणाला, "बैलायले पानी पाजून येतो." आला होता जीपनं, बैल बांधलेले कामरगावात. गेला तो तिसऱ्या दिवशी केळी घेऊन उगवला.

त्या दवाखान्यात देवमन नावाचा ड्रेसर होता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे त्याचं काम. पण सुट्टीच्या दिवशीही तो दवाखान्यातच सापडायचा. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून एकटीदुकटी आलेली म्हातारी माणसं असत, त्यांना कण्या शिजवून भरव, कुणाला एस.टी.त बसवून दे, असली बिनपगारी कामं त्यानं स्वतःहून लावून घेतली होती. त्याचं रक्त कुणालाही चालायचं, असं डॉक्टर म्हणत. ज्यांचे नातेवाईक पळाले, त्यांच्यासाठी देवमन बाही वर करून आडवा व्हायचा. त्याही दिवशी त्याची सुट्टीच होती. तुळसाबाईनं अर्धवट शुद्धीत पाहिलं ते एवढंच, की शेजारच्या खाटेवर एक काळासावळा माणूस छताकडं बघत पडलाय आणि जवळ काचेची बाटली भरत चाललीय.

तुळसाबाई वाचली. बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य बोलली, "ते रक्त कोनाचं होतं?"

देवमनचं, म्हणून कळलं. देवमन बौद्ध, हेही चंपतनं दबक्या आवाजात सांगितलं. तुळसाबाईनं आपलं मनगट दुसऱ्या हातानं दाबून पाहिलं. नाडी ठणठणीत चालली होती. "मंग आता तो माहा भाऊ झाला," ती म्हणाली. तिच्या लेखी हे वांग्याच्या भावाइतकं सरळ होतं. अंगात ज्याचं रक्त फिरतं तो भाऊ. त्यात चर्चा करण्यासारखं काय आहे? तेव्हापासून तालुक्याला गेली की ती मेथीची जुडी घेऊन दवाखान्यात जायची आणि "देवमनभाऊ" अशी हाक मारायची. तोही तिला ताई म्हणू लागला.

श्रावणात पंधरा ऑगस्टला दवाखान्याच्या आवारात कार्यक्रम झाला. पगारापलीकडचं काम जे करतात त्यांचा चारचौघांत मान झाला पाहिजे, असं डॉक्टरांनी मनावर घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी तांड्यावर पायी जाऊन बाळंतिणी बघणारी हिरीबाई नर्स आणि देवमन, असे दोघे निवडले होते. आसपासचे सरपंच बोलावले होते. देवमनचा सत्कार गुलाबरावांच्या हस्ते. तुळसाबाई इरकली लुगडं नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसली.

गुलाबरावानं भाषण झकास ठोकलं. असा माणूस म्हणजे आपल्या तालुक्याचं भूषण, वगैरे. मग शाल घेतली. दोन टोकं धरून हात लांबवले, आणि बोटसुद्धा मानेला लागणार नाही अशा बेतानं शाल वरून सोडली. नारळ हातात दिलाच नाही. टेबलाच्या कडेला ठेवला आणि हनुवटीनं खुणावलं, घ्या. टाळ्या वाजल्या. देवमननं सरळ चेहऱ्यानं नारळ उचलला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. तुळसाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. हा सत्कार होता की लांबून भीक टाकणं होतं?

परतताना एस.टी.त ती चंपतला म्हणाली, "रुख्मिणीच्या लग्नात मामा म्हनून देवमनभाऊ उभा राहीन."

चंपतचा चेहराच उतरला. रुख्मिणीचं लग्न रिठदच्या पंजाबरावांच्या मुलाशी ठरलं होतं. लग्नात नवरीचा हात धरून तिला मांडवात आणायचं ते मामानं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. तो मान गुलाबराव आपलाच धरून बसला होता.

"लगन मोडन न वं," चंपत म्हणाला.

"मोडलं तं मोडलं," तुळसाबाई म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. रुख्मिणीसारखी गुणी पोर मांडवातून परत फिरली तर गाव तिलाच नावं ठेवील, हे काय तिला कळत नव्हतं?

तरी फाल्गुनात ती आमंत्रण घेऊन दवाखान्यात गेलीच. देवमननं ऐकून घेतलं. हातातली पट्टी गुंडाळत म्हणाला, "ताई, आमी धम्म घेतला. म्या देवाले हात नाई जोडनार. अक्षताबी नाई टाकनार."

"मामाचं काम उभं राह्याचं हाय. टाकनारे लय हायेत."

"अन पंगत?"

"माह्या बाजूले बसजो. तुले कोनी दुसरीकडं बसवलं तं मीबी तिथंच येऊन बसन."

देवमननं गुंडाळलेली पट्टी डब्यात ठेवली. "मान द्याचा तं पुरा द्याचा, ताई. अर्धा मान म्या घेऊन पाह्यला," तो म्हणाला. "बोलावशील तं येईन."

वैशाखात मांडव पडला. गोरज मुहूर्त होता. गुलाबराव गुलाबी फेटा बांधून सकाळपासून मिरवत होता. देवमन पांढरा सदरा घालून आला आणि मांडवाच्या खांबाशी उभा राहिला. गुरुजींनी आंतरपाट धरायला सांगितलं आणि हाक दिली, "नवरीच्या मामाला बोलवा."

गुलाबराव उठला.

"तुमी नाई, दादा," तुळसाबाई म्हणाली. "देवमनभाऊ जाईन."

वाजंत्री आपोआप थांबली. रिठदकडची मंडळी एकमेकांकडं बघू लागली. पंजाबरावांनी पानाचा डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, "हे कोन?"

गुलाबरावाला बोलायला आयतीच जागा मिळाली. "दवाखान्यातला ड्रेसर हाय, त्यायच्या मोहल्ल्यातला. हिले रक्त देल्लं म्हनून हे त्याले भाऊ म्हनून राह्यली. म्या खुद्द डॉक्टरले इचारलं हाय, पंजाबराव. देल्लेलं रक्त तीन-चार महिन्यांत जिरून जाते. मानसाचं स्वतःचं नवं तयार होते. सव्वा वर्स झालं. हिच्या अंगात त्याचा एक थेंब नाई. मंग नातं कायचं?"

हे तुळसाबाईला ठाऊक नव्हतं. सव्वा वर्ष ती मोठ्या गर्वानं आपली नाडी दाबून पाहत होती. मळ्यात चढ चढताना दम लागला नाही की मनात म्हणत होती, भावाचं रक्त हाय. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिनं देवमनकडं पाहिलं.

"खरं हाय का हे?"

नाही म्हटलं असतं तर मांडवात कुणाला कळणार होतं? पण देवमन म्हणाला, "हाव, ताई. खरं हाय."

गुलाबरावानं फेटा सारखा केला. चंपत खाली मान घालून उभा होता. तुळसाबाईला वाटलं, संपलं. पोरीचं लग्न आपण आपल्या हातानं बुडवलं, आणि भाऊही गेला. मग तिला मनापासून राग आला, आणि रागाबरोबर तिची जीभ परत आली.

"बरं झालं सांगतलं, दादा," ती म्हणाली. "म्हनजे त्याचं रक्त कवाच गेलं. पन मी काहून नाई गेली मंग? रक्त जिरलं असंन. मी तं जिरली नाई. मी तुमच्यासमोर उभी हावो. त्या दिवशी हा मानूस आडवा झाला नसता तं आज पोरीचा हात तिच्या नवऱ्याच्या हाती द्याले माय नसती. तुमाले हे नातं वाटत नसंन तं नका वाटू देऊ. माह्या पोरीचा मामा हाच."

पंजाबराव उठले. जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. ते देवमनसमोर जाऊन उभे राहिले आणि त्याला नीट न्याहाळलं.

"तुमीच देल्लं होतं रक्त?"

"हाव."

"कोनी पैसे देल्ले?"

"म्या मांगितलेच नाई, तं देईन कोन?"

पंजाबरावांनी तुळसाबाईकडं मान वळवली. "इहीनबाई लय तोंडाळ हाय, हे मले सोयरीक करतानाच सांगतलं होतं लोकायनं," ते म्हणाले. "पन ह्या मानसानं रक्त नसतं देल्लं, तं मानपानासाठी म्या कोनासंग भांडलो असतो? चंपतरावासंग? त्याच्यात काय मजा होती." रिठदकडचे दोघंचौघं हसले. पंजाबराव हसले नाहीत. त्यांनी देवमनच्या खांद्यावर आपला भला थोरला हात ठेवला. "मुहूर्त टळून राह्यला, मामा. पोरीले आना."

रिठदकडचा एक म्हातारा तरातरा उठून मांडवाबाहेर गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. गुलाबराव जागच्या जागी खाली बसला.

देवमन आत गेला. बाहेर आला तेव्हा रुख्मिणीनं त्याचा हात घट्ट धरला होता. तिला पाटावर उभी करून तो तिच्या मागं ताठ उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली. त्यानं सांगितलं होतं तसंच केलं, हात जोडले नाहीत की अक्षता टाकल्या नाहीत. टाकणारे खरंच पुष्कळ होते. हळदीनं पिवळी केलेली ज्वारी चारी बाजूंनी नवरीवर पडत होती आणि तिच्या मामाच्या डोक्याखांद्यावरही पडत होती. तुळसाबाई पदर तोंडाशी न नेता, सगळ्यांसमोर, मोठमोठ्यानं रडत होती.