झोपेतून उठलेली बीजं

"मुलींनो, तुम्ही आईच्या पोटात होतात ना, तेव्हाच तुमची सगळी बीजं तुमच्या पोटात तयार झाली. अर्धवट वाढली न् निजली. मोठेपणी महिन्याला त्यातलं एखादंच जागं होऊन पिकतं." पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या राधाबाईंचा तो आवाज, मागून मुलींची खुसखुस. छत्तिशीतल्या मृणालला तो ऐकू आला दवाखान्यातल्या खाटेवर, गुंगी उतरता उतरता.

गोठवून ठेवायला आज तिची स्त्रीबीजं काढली होती. आईला मात्र सांगितलं होतं, छोटीशी गाठ आहे.

जीव टांगणीला लागला होता एका डब्यापायी. वाढलेल्या बीजांना शेवटची जाग आणून पिकवणारं इंजेक्शन तिनं फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात दडवलं होतं. परवा ऑफिसातून गाझियाबादच्या घरी आली, तर डबा ओट्यावर! मे महिन्याचं रणरणतं ऊन.

"आई, हा कधी काढलास?"

"आत्ताच गं."

आईचं 'आत्ताच' कधीकधी अख्खी दुपार चालायचं. खोदून विचारावं तर बिंग फुटणार. वेळेत दुसरं मिळेना, म्हणून तिनं तेच टोचून घेतलं. औषध नासलं असलं तर बीजं कच्ची राहणार, आणि कच्ची गोठवून काय उपयोग?

पडदा सारून डॉक्टर अनुराग आत आले. "मृणाल जी, बधाई हो! एग्ज लगभग सारे मॅच्युअर हैं."

मृणालनं डोळे मिटले. इतक्या वर्षांची निजलेली तिची बाळबीजं उठली होती, पिकली होती. छातीवरची धोंड उतरली. मग एकदम आठवलं, उशाशी आई बसलीय.

डॉक्टर गेले.

"माझ्याकडे काय बघतेस? गाठ म्हणे!" आई म्हणाली. "श्रीखंड समजून उघडला, तर आत सुई. औषधाचं नाव फोनवर शोधलं."

"आणि ओट्यावर ठेवलंस? आई, यार, खराब झालं असतं ना!"

"वेडी आहे का मी? लगेच आत ठेवला होता. गॅलरीतून तू गेटाशी दिसलीस, तेव्हा काढला. म्हटलं, डबा बघून तरी ही बया तोंड उघडेल. तर तू गप्पच!"

मृणालला हसू फुटलं. हसताना पोट दुखलं, डोळे भरले. आईनं पदरानं ते टिपले आणि वाट बघत राहिली.

"आई," मृणाल म्हणाली, "लग्न होवो न होवो, मला मूल हवंय."