चारवर थांबलेला आकडा

नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपमध्ये छाया एका बोर्डाला सोल्डर करत होती, तेव्हा मल्हारीचा फोन आला. दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो मशिनरी सांभाळायचा. तिथला, थंडाव्यासाठी वापरायच्या अमोनिया वायूच्या गळतीवर लक्ष ठेवणारा पॅनल छायानेच बनवला होता.

"ताई, पॅकिंगच्या बायका डोळे चुरचुरतात म्हणत्यात. भिमाबाईंचा खोकला थांबत नाय. पण पॅनल तर चारच दाखवतोय. परवापासून जरासुद्धा हललेला नाय."

छायाचा हात थांबला. नुसतं दार उघडलं तरी तो आकडा थोडा वरखाली व्हायला हवा.

त्या पॅनलमध्ये दोन प्रोसेसर होते. पहिला सेन्सर वाचून आकडा ड्युअल-पोर्ट, म्हणजे दोन बाजूंनी वापरता येणाऱ्या, मेमरीच्या चिपमध्ये ठेवायचा. दुसरा त्याच चिपच्या दुसऱ्या बाजूने तो उचलून स्क्रीनवर दाखवायचा, आणि वाढलाच तर भोंगा वाजवायचा. पहिला बंद पडला असेल, तर दुसरा परवाचाच आकडा पुन्हा पुन्हा उचलत बसणार. पहिला चालू आहे की नाही, हे दुसऱ्याने तपासायला हवं होतं. तेवढं काम छायाने डिलिव्हरीच्या घाईत मागे ठेवलं होतं, आणि ते राहूनच गेलं.

"मल्हारी, सगळ्यांना बाहेर काढ. आत्ता."

"कंटेनर भरायचं चाललंय, ताई. शेठ ओरडतील."

"पॅनलवर विश्वास ठेवू नकोस. तुला वास येतोय का?"

"मला सर्दी हाय." मग त्याच्या हाका ऐकू आल्या आणि फोन कट झाला.

छाया पोहोचली तेव्हा बायका रस्त्यापलीकडे बसल्या होत्या, तोंडाला ओले पदर लावून. भिमाबाईंना जीपमधून नाशिकला नेलं होतं. मल्हारी व्हॉल्व्ह बंद करायला परत आत गेला होता. दोन कामगारांनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्याचे डोळे उघडत नव्हते.

"भोंगा कसा नाय वाजला, ताई?" त्याने विचारलं.

"माझी चूक झाली," छाया म्हणाली. कशी, तेही तिने सांगितलं.

तसलेच पॅनल तिने आणखी तीन ठिकाणी दिले होते. अँब्युलन्स मल्हारीला घेऊन गेल्यावर तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावले. दोन ठिकाणी उचलला; पॅनलवर विसंबू नका, माणसं बाहेर काढा, असं तिने त्यांना सांगितलं. घोटीच्या बर्फाच्या कारखान्यात मात्र रिंग वाजत राहिली. भर दुपारी तिथे वीस-पंचवीस माणसं कामावर असायची. तिने पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा. कुणीच उचलेना.

तिने अग्निशमन दलाला कळवलं आणि गाडी घोटीकडे वळवली.