पुढची अक्षरं

...कोपर. गुडघ्यावर टेकलेलं, मोहरीएवढं कोपर. फळीवर कांद्याच्या पातीशेजारी पडलेल्या नव्या चांदीच्या दिनारावर फिलेरोसला आधी तेवढंच दिसलं, आणि हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला. ते कोपर त्यानंच कोरलं होतं, टांकसाळीतल्या ठशात, तीन दिवस खपून. पण हे नाणं आपल्या घरात येईल असं काही... खोटं. येणार हे ठाऊक होतं. साऱ्या रोमभर फिरणारी वस्तू या एकाच दारात कशी अडणार होती?

"वेनुस्तानं दिलं, विणकामाचं," झिया म्हणाली. "अहो, ही बाई कोण हो? ढालींच्या ढिगावर बसून रडतेय. नवऱ्यानं मारलं की काय हिला?"

आपल्याच विनोदावर ती हसली. पाच वर्षांपूर्वी गुलामांच्या बाजारातून आणलेली, मग मुक्त करून लग्नाची बायको केलेली ही दाकियाच्या डोंगरातली बाई स्वतःलाच ओळखत नव्हती.

दाकियाचा शेवटचा गड पडल्याची बातमी आली त्या दिवशी ती चुलीपाशी अशीच बसली होती. गडावर तिचे दोन भाऊ होते. तो उठला, पण तिच्याकडे गेला नाही — तिची आकृती उतरवून घ्यायला मेणाची पाटी शोधायला गेला. पाठीचा बाक फार सुरेख उतरला होता... हो, सुरेख, हाच शब्द त्याच्या मनात आला होता, तिचे हुंदके ऐकता ऐकता.

"आणि खाली काय लिहिलंय?"

त्यानं नाणं डोळ्यांजवळ नेलं, जणू वाचायला कष्ट पडत होते. शब्द नेहमीच अर्धे तोडून कोरायचे. नाण्यावर जागा कुठे असते? 'दाक' म्हणजे दाकिया. 'काप' म्हणजे पकडलेली, जिंकलेली.

"दाक," तो म्हणाला. "दाकिया."

"आमची?" तिनं ओले हात घाईघाईनं पुसले. "आमचं नाव? चांदीवर? — आणि ही पुढची अक्षरं?"

"ती... जागा भरायला असतात."

तिनं नाणं कपाळाला लावलं. अजूनही खरं सांगता आलं असतं. ती खिडकीत धावली तेव्हाही.

"वेनुस्ता! अगं, तुझ्या नाण्यावर आमच्या देशाचं नाव आहे!"

"मग काय, कोबी स्वस्त मिळणार का तुला?" शेजारची धोबीण खालून ओरडली. "थांब, येते. बघू तरी."

वेनुस्ताला वाचता येत होतं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरच्या चिठ्ठ्या तीच वाचायची. जिन्यावर तिच्या लाकडी चपला वाजू लागल्या. आता झियाचा हात धरावा, तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याआधी आपणच सांगावं — फिलेरोस तसाच बसून राहिला. पावलं जवळ येत होती, आणि छातीत काहीतरी सैल होत होतं... भीती असेल, असं आधी त्याला वाटलं. भीती नव्हती. आपल्याला सांगावं लागणार नाही, म्हणून बरं वाटत होतं.