सात मोहऱ्यांची बाजू

बाइंडरबाईंच्या दुकानात तऱ्हेतऱ्हेची दुखणी येत. कणा मोडलेले शब्दकोश, पानं सुटलेल्या वह्या, एकदा तर उंदरानं कोपरे कुरतडलेला लग्नाचा अल्बम. पण निवृत्त भूगोलमास्तरांनी काखेत मारून आणलेला तो पट म्हणजे नवलच होतं. लढाईच्या खेळाचा जाड पुठ्ठ्याचा पट, घडीवर उभा चिरलेला. त्यावर डोंगर, नदी, जंगल, रस्ते, आणि या सगळ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं.

बाईंनी घडीला मागून कापडाची पट्टी चिकटवली आणि पट दोन दिवस दाबाखाली ठेवला. मास्तर न्यायला आले तेव्हा त्यांनी तो उघडून मिटून पाहिला.

"झकास झालाय," ते म्हणाले. "आता खेळायला माणूस तेवढं हवं."

तीस वर्षं ते मेव्हण्याबरोबर खेळत. मेव्हणा लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला आणि खेळ बंद पडला.

"मग दुरुस्त कशाला केलात?" कोपऱ्यात पुस्तकाच्या फर्म्यांना, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांना, शिलाई घालत बसलेल्या सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

मास्तर नुसतेच पटावरून हात फिरवत राहिले. ते पाहून बाईंच्या तोंडून निघून गेलं, "दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. मला शिकवा."

मास्तर मोठी बाजू घेत. वीस मोहरे त्यांचे, सात बाईंचे. वाटणी पहिल्यापासून तीच होती, मेव्हणा कायम सातांकडून खेळायचा. बाई पहिल्या दिवशी पदर खोचून पुढे सरसावल्या आणि पाचव्या फेरीत त्यांच्याकडे एकही मोहरा उरला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सातही जण आपल्या राजधानीभोवती गोळा केले. मास्तरांनी त्यांना चारी बाजूंनी कोंडून सावकाश संपवलं. असे पाच डाव झाले.

"मास्तर, विसांपुढे सातांचा काय टिकाव लागणार?"

"आमचा मेव्हणा दहातले चार डाव जिंकायचा."

"कसा?"

"ते मला कळलं असतं, तर चार तरी कशाला जिंकला असता?"

नियमांच्या पुस्तिकेचंही कव्हर सुटलं होतं. ते लावताना बाईंनी पुस्तिका पहिल्यापासून वाचली. मोठ्या सैन्यानं बारा फेऱ्यांत लहान सैन्याची राजधानी घेतली नाही, तर लहान सैन्य जिंकलं. मास्तरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण बाईंच्या डोक्यात लढाई म्हणजे मारामारी. समोरचा एक तरी मोहरा मारायलाच हवा, असं पुस्तिकेत कुठेच नव्हतं. आणखी एक नियम होता: ज्या मोहऱ्याचा मागे आपल्या रसदीच्या कोठाराकडे जाणारा रस्ता तुटला, त्याला पुढे सरकता येत नाही, फक्त मागे फिरता येतं.

बाईंनी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "माझी थोरली जाऊ भांडायला आली, की मी एकेक खोली सोडत मागं जायचे. माजघर, स्वयंपाकघर, मागचं दार. तिथवर येईस्तोवर तिला धाप लागायची. मग मी म्हणायचे, हं, आता बोला."

"आणि मग?"

"मग काय, पाणी मागायची."

पुढच्या डावात बाईंनी खिंडीत एकच मोहरा ठेवला. मास्तरांना त्याला हटवायला एक फेरी लागली. नदीकाठच्या गावात दुसरा ठेवला, तिथेही एक फेरी गेली. बाकीचे लढायची वेळ आली की मागे सरत. मास्तर खुशीत होते. पण जिंकलेलं प्रत्येक गाव राखायला त्यांना दोन-दोन मोहरे मागे सोडावे लागत होते. आठव्या फेरीत नदी ओलांडून राजधानीकडे निघाले ते सहाच.

तेव्हा बाईंनी इतका वेळ जंगलात दडवलेले दोन मोहरे बाहेर काढले आणि मास्तरांच्या कोठाराकडे जाणाऱ्या नदीवरच्या एकमेव पुलावर नेऊन बसवले.

मास्तरांचा हात हवेतच थांबला. "म्हणजे माझे सहाही..."

"पुढे नाही जाता येणार. मागे फिरा."

मास्तर मागे फिरले. पुलावरचे दोन्ही मोहरे त्यांनी मारले, पण त्यात तीन फेऱ्या गेल्या. पुन्हा तोंड राजधानीकडे वळवेपर्यंत बारावी फेरी संपली. राजधानी तीन घरं लांब राहिली. बाईंचे सातातले चार मोहरे गेले होते आणि मास्तरांचा एकही गेला नव्हता.

"मी एकही मोहरा गमावला नाही," मास्तर पुटपुटले.

"आणि हरलात," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

मास्तर आधी गालातल्या गालात आणि मग अंग हलेपर्यंत हसले. "तीस वर्षं मी त्याला भित्रा म्हणत आलो. सारखा मागे मागे काय सरतोस, म्हणायचो. आज फोन करून माफी मागतो."

दुसऱ्या दिवशी ते दोनला दहा मिनिटं कमी असतानाच आले. फोनवर मेव्हणा काय म्हणाला, असं बाईंनी विचारलं.

"म्हणाला, बाईंना माझा नमस्कार सांगा." मास्तरांनी पट उघडला आणि वीस मोहऱ्यांचा डबा बाईंकडे सरकवला. "आज सात मला द्या. ही बाजू मी कधी खेळलोच नाही."

तिसऱ्याच फेरीत त्यांनी खिंडीतला मोहरा उचलून थेट बाईंच्या चार मोहऱ्यांवर चालून जायचं ठरवलं. सवय कुठे जाते?

"मास्तर," बाई म्हणाल्या, "घाई नको. आहात तिथेच बसा."

मास्तरांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखा मोहरा परत जागेवर ठेवला.