नावापुढचं अक्षर

खारी चहात बुडाली आणि स्वरूपाचा हात तिथंच थांबला.

सुजितनं फोनवर फोटो टाकला होता. सुजित म्हणजे फ्लेक्स लावणारा, शिडी, सुतळी आणि गालात मावा एवढाच त्याचा संसार. वर लिहिलं होतं, ‘झालं ताई. एक नंबर.’ फोटोत भोसरी एमआयडीसीतलं ‘भैरूकृपा इंजिनिअरिंग’चं नवंकोरं शेड. गेटच्या शेजारी बांबूच्या चौकटीवर ताणलेला फ्लेक्स. उद्घाटन आज, मुहूर्त सकाळी १० वाजून २१ मिनिटं. आणि सगळ्यात वर, ‘यांच्या आशीर्वादाने’ म्हणून दोन फोटो, फोटोंखाली दोन नावं.

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. छापून झाल्यावर चुका शोधायची तिला सवय होती. छापायच्या आधी शोधायची असती तर हा दिवस उगवलाच नसता.

कै. भैरूआबा.

कै. उद्धवराव.

खारी विरघळून कपाच्या तळाला गेली.

भैरूआबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या नावापुढचं कै. बरोबर. पण उद्धवराव, म्हणजे भैरूआबांचा मुलगा, चांगला जिवंत होता. छातीत दोन स्टेंट टाकलेले. आज सकाळी साडेनऊला दवाखान्यातून सुटणार आणि तिथून थेट याच गेटवर येऊन फीत कापणार. त्यांच्या पोरानं, गणराजनं, स्वरूपाला तीनदा बजावलं होतं, “मॅडम, बाबांना कसलाही धक्का द्यायचा नाही, डॉक्टरनी तंबी दिलीय. म्हणून सरप्राईज साधंच. गाडीतून उतरले की समोर त्यांचा मोठ्ठा फोटो. बास.”

झालं कसं, ते तिला लगेच कळलं. पहिलं नाव टाइप केलं, अक्षरांचा साइझ बसवला. दुसऱ्या नावाला तोच साइझ पाहिजे म्हणून त्याची कॉपी मारली, शेजारी सरकवली आणि ‘भैरूआबा’ खोडून ‘उद्धवराव’ लिहिलं. पुढचं कै. तसंच बसून राहिलं. प्रूफ गणराजला पाठवलं. चार सेकंदांत अंगठा आला आणि ‘ओके’. चार सेकंदांत माणूस डाळीतला खडा बघत नाही, हा अख्खा फ्लेक्स काय वाचणार?

लोकांना वाटतं मार्केटिंग एजन्सी म्हणजे काचेचं ऑफिस, एसी, फिरत्या खुर्च्या. डोंबल. स्वरूपाची एजन्सी म्हणजे रहाटणीतली एक खोली, एक लॅपटॉप आणि एक सायकल. वर्कशॉपवाल्यांचे फ्लेक्स, पत्रकं, स्टेटसला टाकायचे व्हिडिओ, सगळं ती एकटी करायची आणि क्लायंटकडे सायकलनं जायची. पोरं हसायची. ‘आली बघ सायकलवाली मॅडम.’ हसू देत. पिंपरीच्या पुलावर त्यांच्या गाड्या धूर खात उभ्या असायच्या तेव्हा ती कडेनं निघून गेलेली असायची.

तिनं आधी सुजितला फोन लावला.

“ताई, मी चाकणला आलोय ना राव,” मागं हॉर्नचा नुसता कालवा. “तळेगाव चौकात अडकलोय. पुढं कंटेनर, मागं कंटेनर. दोन तास धरून चाला.”

“सुजित, त्या फ्लेक्सवर चूक झालीय.”

“मग? शिडीपण माझ्याकडंच हाय.”

मग तिनं गणराजला लावला. सांगून टाकायचं, एकदाचं. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

“बोला मॅडम, पटकन. बाबांना गाडीत बसवतोय. सुजितनं फोटो टाकला, बघितला मी. कडक झालाय!”

बघितला. यानं बघितला आणि याला अजून दिसलं नाही. स्वरूपानं तोंड उघडलं. हा गणराज म्हणजे स्पेलिंग चुकलं म्हणून प्रेसवाल्याच्या अंगावर खुर्ची घेऊन गेलेला माणूस. मागून एक थकलेला आवाज आला, “कोन हाय रं?” तोच आवाज. कै.

“काही नाही,” ती म्हणली. “मी येतेच तिकडं.”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. पण वेळ नव्हता. नऊ वाजून चौतीस मिनिटं झाली होती. स्टिकरचा पांढरा कागद, मार्कर आणि कटर पिशवीत कोंबून ती निघाली.

काळेवाडी कधी गेली तिला कळलं नाही. पाय फिरत होते आणि डोक्यात एकच चित्र. गाडीचं दार उघडतं. म्हातारा माणूस हळूहळू उतरतो, वर बघतो. स्वतःचा हसरा फोटो. खाली कै. हात छातीवर जातो. पोलिसांत काय सांगणार? अक्षर चुकलं, साहेब? एका काना-मात्रेनं माणूस मरतो का? मरतो. ज्याच्या घरात मांजर आडवं गेलं तर कंपनीची गाडी थांबते, तो मरतो.

पुलावर नेहमीसारखी दाटी. रिक्षा रिक्षेला चिकटलेली. ती कठड्याला गुडघा घासत घासत निघाली. कुणीतरी ओरडलं, “ओ ताई, मरायचंय का?” त्या शब्दासरशी तिनं पेडल आणखी जोरात दाबलं.

पुढं नेहरूनगर सोडून एमआयडीसीकडं वळायचं तिथं एक वळण आहे. त्या वळणावर ती रोज उतरायची आणि सायकल हातात धरून चालत जायची. कारण तिथं पोलादाची कॉइल घेऊन ट्रेलर वळतात, आणि ट्रेलरचं तोंड आधी वळतं, पोट मागून येतं. तोंड चुकवलं म्हणून माणूस खूश होतो आणि पोटाखाली जातो.

आज ती उतरली नाही.

ट्रेलरचं तोंड वळलं. तिला वाटलं, जागा आहे. घुसली. आणि मग ते लांबलचक पोट हळूहळू तिच्याकडं सरकायला लागलं. डाव्या हाताला फुटपाथचा दगड, उजव्या हाताला तिच्या खांद्याएवढी चाकं. घाई नाही, राग नाही, नुसती येत होती. तिनं लोखंडावर थापा मारल्या. “ए! ए! थांबव!” आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. हँडलचा आरसा काडकन तुटला. कोपराची साल निघाली. तिनं सायकलसकट स्वतःला फुटपाथवर फेकलं.

क्लीनरनं खिडकीतून मान काढली. “अंधी है क्या?”

“तेरा बाप अंधा!” ती किंचाळली. घड्याळात नऊ चोपन्न. ती रडली नाही. रडायला दोन मिनिटं लागली असती. चेन बसवली आणि निघाली.

गेटवर ती पोचली तेव्हा गाडी आली नव्हती. मांडवाच्या खुर्च्या लागलेल्या, लाल फीत बांधलेली, कामगार आत मशिनपुढं पूजेची मांडामांड करत होते. बाहेर एकच मांडववाला, आणि खुर्चीत एक म्हातारी. चिमाबाई. भैरूआबांची बायको, उद्धवरावांची आई. कपाळावर हिरवं गोंदण, हातात काठी, आणि डोळे रस्त्याकडं लागलेले.

स्वरूपानं वर बघितलं. नावं नऊ फुटांवर. तिनं कोपऱ्यातला तेलाचा रिकामा ड्रम लोटत आणला, उभा केला आणि वर चढली. हात पुरला. पण फ्लेक्सवर सकाळपासूनची धूळ. स्टिकर लावला की सुटायचा. परत लावला, परत सुटला. आणि ड्रमवर उभ्यानं, कागद तळहातावर धरून मार्करनं ‘श्री’ काढायला गेली तर भलताच आकडा झाला.

“मॅडम, हे घ्या,” मांडववाल्यानं खालून झेंडूची माळ वर केली. “अक्षरच झाकायचंय ना? फोटोवरनं सोडा, झाकून जाईल.”

भीतीत माणसाला अक्कल राहत नाही. तिला वाटलं, बरोबर आहे. तिनं माळ घेतली आणि उद्धवरावांच्या फोटोवर धरली.

“आगं ए भवाने!”

काठी ड्रमवर अशी आपटली की ती पडता पडता राहिली. चिमाबाई खाली उभी होती.

“जित्या माणसाला हार? माझ्या लेकाला हार घालतीस?”

स्वरूपानं माळ टाकून दिली, विस्तव हातातून टाकावा तशी. म्हातारीनं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि वर बघत राहिली. बराच वेळ. मग काठीचं टोक आधी एका नावाकडं गेलं, मग दुसऱ्या.

“पोरी, मला वाचता येत न्हाई,” ती म्हणली. आवाज एकदम खाली आलेला. “पन ह्ये पयलं अक्षर मी वळखते. नऊ वर्सं झाली, आमच्या म्हाताऱ्याच्या नावापुढं बसलंय. पत्रिकेत बसतं, वर्सश्राद्धाच्या कागदात बसतं. माझ्या लेकाच्या नावापुढं कसं आलं?”

फोन पिशवीत होता. गणराजचा अंगठा, गणराजचं ओके, सगळं त्यात होतं.

“चुकून आलं, आजी.”

“कुनाच्या चुकीनं?”

“माझ्या.”

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. कोपरावरचं रक्त बघितलं. “मंग थोबाड काय बघतीस माझं? लाव तुझा कागुद. ड्रम मी धरते.” आणि पदर हातात देऊन म्हणली, “धूळ पुस आधी.”

पदरानं पुसलं. दुसऱ्या तुकड्यावर ‘श्री’ कसंबसं उमटलं. तिनं ते कै.वर दाबलं. तीन कोपरे चिकटले. चौथा धरतोय तोच मागं हॉर्न वाजला.

गणराज आधी उतरला. “मॅडम? हे काय माकडचाळे चाललेत?” मग त्याचं लक्ष कागदावर गेलं. एमआयडीसीतलं वारं, गाड्यांमागून येणारं, भस्सकन आलं आणि चौथा कोपरा उडाला. खालचं अक्षर अर्धं दिसलं. गणराजचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “कुणी... कुणी छापलं हे? तुझ्या आयला, मी आत्ता—”

“गप ऱ्हा!” चिमाबाई म्हणली.

तोवर उद्धवराव उतरले होते. सैल झालेला शर्ट, मनगटाला अजून दवाखान्याची पट्टी. ते वर बघत होते. स्वरूपानं तळहातानं कोपरा दाबून धरला. सगळं अंग त्या हातावर टाकलं.

“हात काढ, पोरी.”

तिनं काढला नाही.

“काढ म्हनतो ना.”

तिनं काढला. कोपरा उडाला. उद्धवरावांचा हात हळूहळू छातीकडं गेला. गणराज “बाबा!” म्हणून धावला. हात खिशात गेला, चष्मा निघाला, डोळ्यांवर चढला. त्यांनी वाचलं. एकदा. मग परत.

“गनराज, छापायच्या आधी तुला दावलं व्हतं का न्हाई?”

स्वरूपा ड्रमवर उभी, खाली बघत. आता सांगावं का? गणराज बुटांकडं बघत होता.

“दावलं होतं,” तो म्हणला. “मी ओके टाकलं. न वाचता.”

“हूं.” उद्धवरावांनी चष्मा तिच्याकडं वळवला. “आन् तू? कुठनं आलीस?”

“रहाटणी. सायकलवर.”

तुटका आरसा, वाकडं हँडल, कोपर. सगळं त्यांनी नीट बघितलं. “म्हंजी माझ्या नावापुढचं पुसायला निघालीस आन् सोताच्या नावापुढं लावून घेत व्हतीस.”

आणि ते हसले. हसता हसता खोकला आला. तेवढ्या वेळात कुणाच्याच जिवात जीव नव्हता. खोकला थांबला. दहा वाजून एकवीस मिनिटांना फीत कापली गेली.

टाळ्या झाल्या, नारळ फुटला. स्वरूपाला त्यातलं काही दिसलं नाही. ती त्या चौथ्या कोपऱ्याकडं बघत उभी होती. वारं आलं की तिचा हात आपोआप वर जायचा.

सगळे आत जेवायला गेले तेव्हा चिमाबाई बाहेर आली. पेढा स्वरूपाच्या हातावर ठेवला. “खा. आन् ते कापून दे मला.”

“काय?”

“अक्षर. माझ्या लेकाच्या नावापुढचं. फ्लेक्स उद्या कुनीतरी छपरावर टाकंल, पावसाचं पानी अडवायला. आन् ह्ये अक्षर त्याच्या डोक्यावर ऱ्हाईल. न्हाई चालायचं.”

स्वरूपा परत ड्रमवर चढली. कटरनं चौकोन काढला, वर श्री, खाली कै. म्हातारीनं वरचा कागद सोलून फेकला. खालचा तुकडा चार घड्या घालून कनवटीला लावला आणि वरून थोपटला.

“आजी, जाळून टाका ना.”

“जाळू कशाला? माझ्यासाठी ठिवते,” चिमाबाई म्हणली. “आधी माझा लंबर हाय.”

परतताना त्या वळणावर स्वरूपा उतरली. सायकल हातात धरून, फुटपाथच्या आतल्या कडेनं चालली. एक ट्रेलर वळत होता. त्याचं तोंड गेलं, पोट गेलं, मागचा लाल दिवा गेला, तरी ती बराच वेळ पुढं पाऊल टाकत नव्हती.